वर आंबा, खाली कैरी: जुन्या सनमायकाच्या कपाटाला दोनदा दिलेल्या रंगाची हकिगत

आधी सामान काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. साडेसहा फूट उंच, चार फूट रुंद, दोन दारांचं कपाट, त्याला खाली तीन ड्रॉवर, शिवाय एक चार बाय दोनचं अभ्यासाचं टेबल आणि एक पुस्तकांचं शेल्फ. कपाट आणि टेबल २००४ साली सासऱ्यांनी मिस्त्री घरी बसवून करून घेतलेलं, चांगला जाड प्लाय आणि वर गडद तपकिरी सागवानी छापाचा सनमायका, त्या काळी पुण्यात निम्म्या घरांत हाच सनमायका असावा असं मला कायम वाटत आलंय. शेल्फ मात्र नंतर कधीतरी रेडिमेड आणलेलं, भुश्याच्या बोर्डाचं. दिसायला तिन्ही सारखीच तपकिरी, पण जात वेगळी, आणि ते मला फार उशिरा कळलं.

मुलगी पहिलीत गेली तशी ती दहा बाय दहाची खोली तिला दिली, आणि त्या खोलीत हे कपाट म्हणजे अर्धी भिंत काळोखात. नवीन कपाटाचं कोटेशन आलं छत्तीस हजार, आणि जुनं तर ठणठणीत, वाळवी नाही, दारं सरळ, फेकवणार कसं. मग ठरलं रंगवूया. चिऊला (घरातलं नाव) विचारलं कुठला रंग हवा, मला वाटलं गुलाबी म्हणेल आणि मी मनात भांडायची तयारीही केली होती, तर म्हणाली, "आंब्याचा. वर आंबा आणि खाली कैरी."

२०२३ च्या दिवाळीआधी आम्ही पहिला प्रयोग केला, आणि हा भाग लिहायला लाज वाटते पण खरं प्रकरण इथेच आहे. माळ्यावर पिवळ्या ऑइल पेंटचा अर्धा डबा होता, २०१३ मध्ये गॅलरीच्या ग्रिलला मारून उरलेला. वर साय धरलेली ती काढली, ढवळला, मस्त निघाला. एका शनिवारी मी आणि नवऱ्याने कपाट आणि टेबल ओल्या फडक्याने पुसलं, एक जुना पॉलिश पेपर इकडेतिकडे फिरवला, आणि थेट दोन हात मारले. प्रायमर (रंगाला पकड मिळावी म्हणून आधी मारायचा हात) वगैरे काही नाही, कारण ऑइल पेंट "कशालाही धरतो" असं घरात सगळ्यांचं मत. लक्ष्मीपूजनाला कपाट असलं झळकत होतं की येणारा प्रत्येक जण विचारायचा, कुणाकडून करून घेतलं.

अकराव्या दिवशी चिऊने काढलेलं चित्र सेलोटेपने दारावर चिकटवलं आणि संध्याकाळी काढलं. टेपबरोबर रंगाची पट्टी आली. खाली तपकिरी सनमायका, जणू काल पुसलाय इतका स्वच्छ, रंगाचा एक ठिपका नाही त्यावर. मी नखाने कडेला उचललं तर दुधावरची साय उचलावी तसा हाताएवढा पोपडा निघाला, खाली लवचीक, वर चमकदार, सुंदर पिवळा. म्हणजे रंग स्वतः मजबूत होता, फक्त तो कपाटाला लागलेलाच नव्हता, कपाटावर नुसता पांघरलेला होता.

सासूबाई मागे उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "अगं पण मी तर दर दिवाळीला खोबरेल तेलाचं बोट फडक्यावर घेऊन पुसते त्याला, म्हणून तर इतकं चमकतं." वीस वर्षं. दर दिवाळीला, आणि मध्ये कुणी पाहुणे येणार असतील तर तेव्हाही. मी म्हटलं, "आई, तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" तर म्हणाल्या, "तू विचारलंस कधी?" हेही बरोबरच.

आता तेलाचं असं की अळशीचं तेल हवेत सुकून घट्ट होतं, जुने ऑइल पेंट त्यावरच बनायचे, पण खोबरेल तसं सुकत नाही, ते वर्षानुवर्षं तेलच राहतं. ओल्या फडक्याने ते निघत नाही, पसरतं फक्त. म्हणजे आम्ही सनमायकावर नाही, तेलाच्या थरावर रंग मारला होता. पण सगळा दोष तेलावर ढकलता येत नाही, कारण टेबलाच्या पायांना आईंचं फडकं कधी लागलं नव्हतं आणि तिथलाही रंग सुटला, जरा उशिरा इतकंच.

त्याचं कारण सनमायका ही चीज काय आहे त्यात आहे. आपण सनमायका म्हणतो ते एका कंपनीचं नाव, जसं सगळ्या फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तसं, वस्तूचं नाव लॅमिनेट. जाड तपकिरी क्राफ्ट कागदाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवायचे, वर लाकडाच्या रेषा छापलेला कागद मेलामाइन रेझिनमध्ये भिजवून ठेवायचा, आणि हे सगळं प्रचंड दाबाखाली गरम प्रेसमध्ये दाबायचं, एक एमएमचा पत्रा तयार होतो. याचा जन्म फर्निचरसाठी झालाच नव्हता. १९१२ मध्ये अमेरिकेत वेस्टिंगहाऊसमधल्या हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओकॉनर या दोघांनी विजेच्या यंत्रांत अभ्रकाच्या ऐवजी वापरायला म्हणून हे बनवलं, अभ्रकाऐवजी म्हणजे फॉर मायका, म्हणून फॉर्मायका. आपल्या सनमायकातही अभ्रक औषधालाही नाही, नुसतं नाव. तर मुद्दा असा की लाकडाला छिद्रं असतात, रंग आत शिरून पकडतो. मेलामाइनला छिद्रंच नाहीत, सांडलेला चहा त्यात मुरू नये म्हणूनच तर ते बनवलंय, मग रंग कसा मुरेल.

मात्र खरी झोप उडाली ती वेगळ्याच गोष्टीने. पोपडे निघायला लागल्यावर चिऊ ते गोळा करून खेळण्यातल्या कढईत "हळद" म्हणून घालत होती. आणि मला आठवलं की डबा २०१३ चा आहे. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाचे नियम झाले २०१६ मध्ये आणि लागू झाले १ नोव्हेंबर २०१७ पासून, तेव्हापासून मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भाग. त्याआधीच्या भडक पिवळ्या आणि केशरी ऑइल पेंटमध्ये लेड क्रोमेट हे शिशाचं रंगद्रव्य सर्रास असायचं, आणि आमच्या डब्यावर शिशाबद्दल एक अक्षर नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, लहान मुलांच्या मेंदूवर तर सगळ्यात जास्त परिणाम. म्हणून शिसं आहे असंच धरलं आणि त्या दिवशीपासून खोली बंद. दुसऱ्या दिवशी चिऊची रवानगी माझ्या आईकडे, चार दिवस, शाळा बुडाली तर बुडाली.

रंग काढताना एकच नियम पाळला, कोरडं घासायचं नाही. साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीत, खाली वर्तमानपत्रं, प्लॅस्टिकचा स्क्रेपर, तोंडाला एन-९५ मास्क. रंग इतका सैल बसलेला की चादरीसारखा निघत होता, त्या एका बाबतीत आमचा नालायकपणा कामी आला. सगळे पोपडे दोन पिशव्यांत बांधून घातक कचरा म्हणून वेगळे दिले, डबाही दिला. फरशी दोनदा ओल्या फडक्याने पुसली, फडकी फेकली, झाडू लावलाच नाही कारण झाडूने धूळ नुसती उडते. तुमच्या माळ्यावर असा जुना ग्रिलचा डबा असेल तर मुलांच्या खोलीत तो उघडूही नका, एवढं तरी माझं ऐका.

मग सहा महिने कपाट परत तपकिरी. चिऊ रोज विचारायची, कैरी कधी.

दुसरा प्रयत्न २०२४ च्या मे महिन्यात, सुट्टीत. मध्ये मी एका मिस्त्रींना दाखवलं होतं, ते म्हणाले, "ताई, ड्युको मारून टाका, गाडीसारखं होईल." ड्युको हे ड्युपॉन्ट कंपनीने १९२० च्या दशकात गाड्यांसाठी आणलेल्या लॅकरचं नाव, आपल्याकडचे कारागीर आता कुठल्याही स्प्रे फिनिशला ड्युको किंवा डिको म्हणतात, आणि हल्ली त्या नावाखाली बहुतेकदा दोन भागांचा, म्हणजे रंगात हार्डनर मिसळून मारायचा, पीयू (पॉलियुरेथेन) रंग असतो. टिकतो तो जबरदस्त, यात वाद नाही. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात, ती श्वासातून गेली तर दमा होऊ शकतो, ते काम वर्कशॉपमध्ये नीट मास्क घालून करायचं, दहा बाय दहाच्या खोलीत राहत्या घरात नाही. दारं काढून वर्कशॉपला पाठवता येतात, पण कपाटाचा सांगाडा जिन्यातून उतरणार नव्हता. म्हणून आम्ही पाण्याचा इनॅमल (टर्पेंटाइनऐवजी पाण्यात मिसळणारा चकचकीत रंग) घ्यायचं ठरवलं आणि सगळा जोर खालच्या तयारीवर लावायचा.

क्रम महत्त्वाचा आहे, आधी धुणं आणि मग घासणं. उलटं केलं तर पेपर तेल उचलून त्याच ओरखड्यांत भरतो. दारं आणि ड्रॉवर काढले, प्रत्येकावर आणि त्याच्या बिजागरीवर मास्किंग टेप लावून नंबर टाकले (हे नाही केलं तर शेवटी दार वाकडं बसतं आणि सगळे एकमेकांकडे बघतात). कोमट पाणी आणि भांड्यांचा लिक्विड साबण, फडकं घट्ट पिळून, दोन वेळा. मग सुकल्यावर टर्पेंटाइनचं फडकं, खिडक्या सताड उघड्या, दर दोन फुटांनी फडक्याची नवी बाजू. पहिल्या चार-पाच फडक्यांवर जे पिवळट आलं ते बघून आई गप्पच झाल्या. मग परत साबण, परत साधं पाणी. साफ झालंय की नाही हे कळायला सोपी युक्ती आहे, पृष्ठभागावर पाणी शिंपडायचं. तेल असेल तर अळूच्या पानावरच्यासारखे थेंब उभे राहतात, नसेल तर पाणी पसरून पातळ पडदा होतो. आमच्याकडे डाव्या दाराला मधोमध, बरोबर आईंच्या खांद्याच्या उंचीला, तिसऱ्या धुण्यानंतरही थेंब उभे राहत होते. तिथे त्या जास्त जोर देत असाव्यात.

घासायला १८० नंबरचा वॉटर पेपर, ओला करून, म्हणजे धूळ होत नाही, मग ३२० चा, नंबर मोठा तितका पेपर बारीक. इथे सनमायका काढायचा नसतो, त्याची चमक मारायची असते फक्त, सगळीकडे एकसारखी पांढुरकी मळकट छटा यायला हवी. मोबाइलचा टॉर्च तिरका धरायचा, जिथे चमकतं तिथे परत घासायचं. कडांना मात्र पाणी लागू द्यायचं नाही, प्लाय फुगतो. दोन मोठ्या माणसांना या एका कामाला सात तास लागले, खांदे गेले, आणि काम झाल्यावर कपाट आधीपेक्षा भयाण दिसत होतं, घरात येणारा माणूस म्हणणार यांनी चांगलं कपाट बिघडवलं.

उजव्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात टिचकी मारली की पोकळ आवाज यायचा, सनमायका सुटलेला. सुटलेल्यावर रंग मारणं म्हणजे पहिल्या दिवाळीचीच पुनरावृत्ती. औषधाच्या सिरिंजने आत फेव्हिकॉल सोडला, बोहरी आळीतून आणलेले दोन सी-क्लॅम्प आणि मध्ये फळकुटं लावून रात्रभर आवळून ठेवलं. टवके गेलेल्या जागी आणि जुन्या हँडलच्या भोकांत लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरली. हँडलवरून आठवलं, जुन्या हँडलच्या दोन भोकांमधलं अंतर ९६ एमएम होतं आणि मी हौसेने आणलेली नवी १२८ ची, त्यामुळे चौदा भोकं बुजवा आणि चौदा नवी पाडा. हँडल घ्यायला जाताना पट्टी घेऊन जावं, फोटो नव्हे.

प्रायमरच्या बाबतीत यावेळी कुणाचं मत ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. दुकानदार म्हणाले नेहमीचा पांढरा वुड प्रायमर पुरेल, मी वाचलं होतं की टाइल, काच, लॅमिनेट अशा गुळगुळीत गोष्टींना धरणारा वेगळा प्रायमर मिळतो, दुकानात नव्हता, ऑनलाइन मागवला, एक लिटर साडेनऊशे रुपये. नवरा म्हणाला इतका महाग कशाला. मग डाव्या दाराच्या आतल्या बाजूला खाली दोन चौकोन आखले, एकावर हा एकावर तो, वर दोन्हीकडे रंगाचा एकेक हात, आणि तीन दिवस हात लावायचा नाही. चौथ्या दिवशी कटरने सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा, म्हणजे पंचवीस बारीक चौकोन, त्यावर सेलोटेप घट्ट दाबून झटक्यात ओढला. रंगाच्या कारखान्यांत हीच चाचणी करतात, आयएसओ २४०९ म्हणून तिचं मानकही आहे, आणि खरं तर चिऊने अकराव्या दिवशी आमच्या पहिल्या रंगाची हीच चाचणी घेतली होती, फुकट. वुड प्रायमरचे पंचवीसपैकी एकोणीस चौकोन टेपला आले. दुसऱ्याचे कोपऱ्यातले दोन, तेही अर्धवट. नवऱ्याने टेपचे दोन्ही तुकडे उजेडात धरून बघितले आणि साडेनऊशे रुपयांबद्दल परत बोलला नाही.

प्रायमरचे दोन पातळ हात, मध्ये हलका ३२० चा पेपर. फोमचा चार इंची रोलर, कोपऱ्यांना ब्रश. मे महिन्यात पुण्यात दुपारी इतकं तापतं की रोलर फिरवेपर्यंत रंग ओढायला लागतो आणि पट्टे दिसतात, म्हणून सकाळी सहा ते नऊ काम आणि मग बंद.

आता आंबा. कैरीचा हिरवा दोन हातांत झाकून गेला, पिवळा चार हात घेऊनही मनासारखा बसेना, खालचा पांढरा प्रायमर डोकावतोच आहे. मला वाटलं रंग नकली. तर तसं नाही, पिवळ्याची झाकण्याची ताकद मुळात कमी असते. लेड क्रोमेट त्यासाठीच लोकांना आवडायचं, एका-दोन हातांत गच्च पिवळा, आता शिशाविना जे पिवळे येतात त्यांतले बरेचसे जरा पारदर्शक, त्यांना जास्त हात लागतात. म्हणजे माळ्यावरचा डबा दोन हातांत झळकला तो का, ते सहा महिन्यांनी कळलं, आणि ते कळल्यावर पाचवा हात मी न कुरकुरता मारला. पिवळा दीड लिटर गेला.

आंबा आणि कैरीच्या मधली रेघ सरळ यावी म्हणून मास्किंग टेप लावली, पण टेपच्या खाली रंग झिरपतोच. त्यावर उपाय मजेशीर आहे, टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी खालचाच रंग, म्हणजे पिवळाच, एकदा फिरवायचा. जे झिरपायचं ते पिवळं झिरपतं, पिवळ्यावर पिवळं दिसत नाही, फट बुजते, मग वरून हिरवा. टेप रंग ओला असतानाच काढली. रेघ अशी आली की चिऊ बोट फिरवून बघत होती. वरून दारांना आणि ड्रॉवरच्या तोंडांना पाण्याच्या पीयू क्लिअरचे, म्हणजे बिनरंगी पारदर्शक थराचे, दोन हात. सांगाडा भिंतीपासून ओढलेलाच होता तर मागे दोन एल-पट्ट्या लावून तो भिंतीला आवळून टाकला, मुलं ड्रॉवर उघडून त्याच्यावर चढतात, अंगावर कपाट येऊ शकतं, रंगापेक्षा हे आधी करायला हवं होतं.

शेल्फची गोष्ट थोडक्यात. ते भुश्याचा बोर्ड, त्यावर सनमायका नाहीच, मेलामाइनमध्ये भिजवलेला एक छापील कागद कारखान्यातच चिकटवून येतो. ओळखायचं असेल तर कड बघायची, खऱ्या सनमायकाला कडेला एक एमएमची काळपट रेघ दिसते, याला काहीच नाही. मी त्याच जोशात १८० चा ओला पेपर फिरवला, तिसऱ्या मिनिटाला लाकडाच्या रेषा गायब आणि आतला भुसा बाहेर, त्याला पाणी लागलं, रात्रीत तो भाग पोळीसारखा फुगला. अशा बोर्डाला ३२० चा कोरडा पेपर अगदी हलक्या हाताने, बस. आमचं शेल्फ आता गॅलरीत कुंड्यांखाली आहे.

कपाट सहा जूनला जोडलं. रंगाला हात लावला तर सुका, डब्यावरही लिहिलंय चार तासांत सुकतो, म्हणून दारं लावून बंद केली. पण सुकणं वेगळं आणि आतून कडक होणं वेगळं, पाण्याच्या इनॅमलला त्याला तीन-चार आठवडे लागतात, आणि हवेत दमटपणा असेल तर आणखी. त्यात पाऊस आला. चार दिवसांनी उजवं दार उघडेना, ओढलं तर चर्र करून आवाज आला आणि जिथे दार चौकटीला टेकतं तिथली तीन इंचांची पट्टी दाराने चौकटीवरून उचलून नेली. मी जमिनीवर बसले अक्षरशः. पण खाली बघितलं तर प्रायमर जागचा हललेला नव्हता, रंग रंगाला चिकटून फाटला होता. मग दारं पंधरा दिवस उघडीच ठेवली, टेकतात तिथे टाल्कम पावडर, आणि नंतर सिलिकॉनची पारदर्शक बटणं लावली, दहा रुपयांना एक पत्ता. ती पहिल्याच दिवशी लावायची असतात.

टेबलाचं मात्र हरलो, आणि ते स्पष्ट सांगते. तीच तयारी, तोच प्रायमर, वर क्लिअरचे तीन हात. पायांना आणि बाजूंना उत्तम बसला. वरची फळी चार महिन्यांत गेली. गरम दुधाचा पेला ठेवला की गोल उमटायचा, कंपासचं टोक, पट्टीने घासून कापलेला कागद, आणि रबराने खोडताना मुलं जो जोर लावतात तो. लॅमिनेट या सगळ्यासाठीच बनवलेलं असतं, आपण त्याच्यावर त्याच्यापेक्षा मऊ थर चढवला आणि मग त्याच्याकडून तेच काम मागितलं. शेवटी मिस्त्रींना बोलावलं, त्यांनी रंग खरवडून, जुना सनमायका खडबडीत करून वर नवा पांढरा मॅट सनमायका चिकटवला, त्यांच्याकडे उरलेला तुकडा होता, मजुरीसकट अठराशे. जाताना म्हणाले, "ताई, हे आधीच केलं असतंत." मी चहा दिला त्यांना, दुसरं काय देणार.

हिशेब विचारतात लोक म्हणून देते. प्रायमर ९५०, दोन्ही रंग मिळून ९५०, क्लिअर ६२०, पेपर-मास्क-हातमोजे ५४०, रोलर-ब्रश-ट्रे ४१०, लांबी आणि टेप ३६०, सात हँडलं ७७०, एकूण ४,६००, अधिक टेबलाचे १,८००, म्हणजे ६,४००. वेळ मी कॅलेंडरवर लिहीत होते: धुणं चार तास, घासणं सात, लांबी आणि दुरुस्ती तीन, प्रायमर तीन, रंग आणि क्लिअर मिळून सहा. तेवीसपैकी सहाच तास हातात रंगाचा रोलर होता, आणि पहिल्या दिवाळीला आम्ही नेमके तेवढेच सहा तास दिले होते. जवळपास तीस हजार वाचले म्हणायचं की मे महिना गेला म्हणायचं ते ज्याने त्याने बघावं. कुणी विचारलं तर मी सांगते, सांगाडा चांगला असेल आणि दारं-ड्रॉवर रंगवायचे असतील तर करा, टेबलाची वरची फळी आणि भुश्याचा बोर्ड यांच्या वाटेला जाऊ नका.

आता चौदा महिने झालेत. दारं शाबूत. मधल्या ड्रॉवरच्या वरच्या कडेला, जिथे चिऊ हँडल सोडून नखाने ओढते, तिथे तांदळाएवढे चार-पाच टवके गेलेत, आत पांढरा प्रायमर दिसतो. दारावर आतापर्यंत नऊ स्टिकर लागले आणि निघाले, गोंद राहिला पण रंग राहिलाय. आतल्या बाजूचे ते पंचवीस चौकोन मी तसेच ठेवलेत. आणि उरलेला पिवळा लोणच्याच्या छोट्या बरणीत भरून फडताळात ठेवलाय, टच-अपला, त्याच्यावर आईंनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली आहे: "रंग आहे. कपाटाला तेल लावू नये."